सदानंदरावांची पिल्लं

इथं आखातात, जनाबियाच्या आमच्या कंपाउंडमध्ये सदानंद पुरोहित कुणाला आवडतो असं विचारलंत, तर फार तर त्याच्या माशांना. त्यांनाही टाकीतून उठून जाता येत नाही म्हणून.

सित्राच्या एका कंपनीत अकाउंटंट. मूळचा पुण्याचा, पण त्याचा दोष मी पुण्याला देत नाही. दिवाणखान्यात त्यानं बिटरलिंग पाळलेत. चीनकडच्या नद्यांतला बोटभर मासा, नराच्या अंगावर गुलाबी झाक. ते घरात आले आणि यानं स्वयंपाकघरात मासळी बंद केली. टाकीतल्यांचा अपमान होतो म्हणे! बायको मेधा वेंगुर्ल्याची. नवरा सोड म्हटलं असतं, तर तिनं निदान विचार केला असता. तेव्हापासून दोघांचं बोलणं गॅस आणि किल्ल्यांपुरतं. टाकीकडे ती बघतही नसे.

या माशाची खोड अशी, की मादी अंडी घालते ती जिवंत शिंपल्याच्या पोटात. पिल्लं पोहती होईपर्यंत मुक्काम तिथंच. सदानंदनं गोड्या पाण्यातले शिंपले बाहेरून मागवले, अंडी पडली, आणि गेटवर भेटेल त्याला हा बारशाची तारीख सांगू लागला.

शुक्रवारी टाकी धुवायची म्हणून त्यानं शिंपले पातेल्यात पाणी घालून सिंकपाशी ठेवले आणि नवी नळी आणायला बाहेर पडला. मेधानं पातेलं पाहिलं. वाळू सोडायला तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, अशाच पाण्यात ठेवतात, तिच्या माहेरी तरी. तिला वाटलं, नवरा वरमला. तोंडानं सांगायची लाज वाटली, म्हणून आणून ठेवून गेला. बाईनं खोबरं वाटलं, सुकं केलं, वर ठेवणीतली साडी नेसली. वास माझ्या घरापर्यंत आला.

तो परतला, तेव्हा ताट वाढलेलं होतं.

"तुम्ही आणलेल्या तिसऱ्या केल्यात," ती म्हणाली. कित्येक महिन्यांत एवढं लांब वाक्य.

त्यानं आधी सिंककडे पाहिलं, मग ताटाकडे.

"त्यात माझी पिल्लं होती."

पुढं तो तिच्या माहेरच्या भुकेबद्दल जे बोलला, ते शेजारच्या खदिजानं भिंतीपलीकडून ऐकलं आणि मला सांगितलं. लिहिण्याजोगं नाही.

"म्हणजे माझ्यासाठी नव्हत्या," मेधा एवढंच म्हणाली आणि कढई पुढ्यात ओढून बसली.

चामड्यासारखे चिवट, चव चिखलाची, असं ती स्वतःच सांगते. पण तो समोर उभा होता. म्हणून तिनं एकेक शिंपला सावकाश चोखला आणि शेवटी बोटंही चाटली.