कोपरापर्यंत हात

धरणगावात रतिलाल नानांना फसवायची कुणाची टाप नव्हती, आणि हीच खरी पंचाईत होती. माणसाची सारी उमर जिनिंगच्या फाटकावर गेली. कापसाची गाडी आली की वरच्या पांढऱ्याशुभ्र मालाकडे नाना ढुंकूनही बघायचे नाहीत. बाही सारून कोपरापर्यंत हात आत खुपसायचे आणि ओला कापूस, किडक्या बोंडांची कवडी, कधी चक्क दगड बाहेर काढायचे. नोकरी सुटली, पण तो हात काही घरी बसला नाही.

घरातल्या यच्चयावत वस्तूंवर नानांची खूण असायची. भांड्यांवर नाव सगळेच घालतात हो, पण नानांची लाल टिकली शेगडीखाली होती, सायकलच्या सीटखाली होती, चपलेच्या तळालाही होती. लेक दिपमाला शाळेत होती तेव्हाची तिची नेलपॉलिशची बाटली त्यांनी या कामी संपवत आणली. बायको बेबाबाई म्हणायच्या, एक टिकली मलाही लावून ठेवा, कुणी बदलून नेलं तर कळेल.

म्हातारपणी नानांनी एकच चैन केली. एक अँप्लिफायर आणला आणि दोन छोटे स्पीकर. आणल्या दिवशीच मागची पाटी काढून आतल्या लोहचुंबकावर टिकल्या टेकवल्या, हे सांगायलाच नको. कान जरा जड झाले होते, पण कबूल कोण करणार? भजन लावायचं, स्पीकरच्या जाळीवर तळहात ठेवायचा, आणि मृदंगाची थाप हाताला लागली की डोळे मिटायचे. नाना हातानेच ऐकायचे म्हणा ना.

संक्रांतीनंतर जावई आला, हितेंद्र, धुळ्याचा. गाण्याचं वेड असलेला पोरगा. त्याने नवा सबवूफर घेतला होता, म्हणून जुना काळा डबा तो नानांसाठी उचलून घेऊन आला. नानांच्या मनात तिथेच पाल चुकचुकली. आपल्याकडे लेकीच्या घरचं पाणी पितानाही बाप विचार करतो, आणि हा जावई वस्तू द्यायला दारात उभा! फुकट कोण कुणाला देतं?

हितेंद्रने जोडणी केली. अँप्लिफायरच्या वायरी काढून आधी डब्याला लावल्या आणि डब्यातून पुढे छोट्या स्पीकरना नेल्या. म्हणजे मध्ये दलाल आला, नानांनी मनात नोंदवलं. पोराने नीट समजावलं, की जड आवाज आता हा डबा उचलेल, छोट्यांना फक्त गळ्याचा आणि टाळांचा आवाज जाईल, त्यांना झेपत नव्हतं ते ओझं उतरलं. नानांना त्यातलं निम्मंच ऐकू आलं. त्यांनी मान डोलावली आणि चहा मागवला.

पाहुणे गेल्यावर नानांनी भजन लावलं, छोट्या स्पीकरवर हात ठेवला. थाप नाही. दुसऱ्यावर ठेवला. तिथेही नाही. नुसती बारीक थरथर. काळ्या डब्यावर ठेवला तर तो मात्र धडधडत होता.

झालं. वर पांढरा कापूस, आत ओला माल. चहा ठेवायला बेबाबाई आत गेल्या आणि आपण मोरीवर गेलो, तेवढ्यात जावयाने आतले जिन्नस बदलले. अस्सल चुंबकं धुळ्याला गेली!

हे ऐकून बेबाबाई कडाडल्या, जावयावर आळ घेताना जीभ झडत कशी नाही. नानांनी उघडून बघावं तर आता बारीक स्क्रू बोटांत धरवत नव्हता. मेकॅनिक बोलवावा तर गावभर बोभाटा. म्हणून संशय तसाच पोटात राहिला आणि फुगत गेला. हितेंद्रचा फोन आला की नाना रेंज नाही म्हणायचे.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, तशी दिपमाला आली. झोका बांधला, पुरणाचे मांडे झाले. जेवता जेवता नानांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, की धुळ्याला पाहुण्यांकडे हल्ली नवे छोटे स्पीकर दिसतात का गं?

तिचा घास हातातच राहिला. याच घरात वाढलेली पोर, तिला फोड करून सांगायची गरज नव्हती. ती उठली, हात धुतले, स्क्रूड्रायव्हर शोधला आणि दोन्ही स्पीकर बापासमोर फरशीवर पालथे घातले. पाटी निघाली. आत चुंबकावर लाल टिकली, जुनी, कडेला जराशी पसरलेली. दुसऱ्यातही तीच.

"हाई खूण तुम्हनीच शे ना, नाना?"

नानांना बरं वाटलं होतं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटत होती. तिने सगळे स्क्रू परत घट्ट बसवले आणि तो विषय काढला नाही. उरलेले दिवस ती आईशी बोलायची. नाना खोलीत आले की काम काढून उठायची.

निघायच्या दिवशी हितेंद्र न्यायला आला. बिचाऱ्याला काहीच ठाऊक नव्हतं. अंगणातूनच त्याने विचारलं, आवाज कसा वाटतो, नाना? छान आहे, नाना म्हणाले, आणि यावेळी ते मनापासून म्हणाले. पुढच्या खेपेला या पोराला घरात धरून बसवायचं, सगळं पुन्हा समजून घ्यायचं, असंही त्यांनी ठरवलं.

दिपमाला पिशवी घेऊन उंबऱ्याशी आली. आईने दिलेले पापड, कुरडया, नव्या साडीची घडी. तिने पिशवी नानांसमोर ठेवली आणि चेन पूर्ण उघडली.

"बघून घ्या, नाना," ती हळूच म्हणाली. "वरवर नको. कोपरापर्यंत हात घाला."

नको गं, एवढंच म्हणायचं होतं नानांना. शब्द तोंडात होता. पण त्याच्या आधी उजवा हात बाही सारून पुढे गेला. बोटं पापडाच्या पुडक्याला लागली तेव्हा त्यांना कळलं आपण काय करतोय. लेक बघत होती. हात मागे जाईपर्यंत ती पिशवी धरून तशीच उभी राहिली.