रुमानियन विभागाचे मयत

दोब्रिना कोलार्स्का आमच्या विद्यापीठात रुमानियन शिकवत. मी तिथेच हिशेब खात्यात, पुढच्या वर्षी निवृत्त होईन. आमचे गाव डॅन्यूबच्या काठी, पलीकडे रुमानिया. पुलावर मालट्रक अडकले की नाक्यावरचे लोक दोब्रिनाबाईंना फोन करत. "बाई, हा ड्रायव्हर काय बोंबलतोय, ऐका जरा." मिरच्या भाजता भाजता बाई भांडण मिटवत.

गेल्या वसंतात शिक्षणखात्याची यादी आली. अर्थव्यवस्थेला उपयोगी विषयांची फी सरकार भरणार, बाकीच्यांनी आपले पाहावे. रुमानियन बाकीच्यांत.

मी वाणिज्य शाखेचा माणूस. नफा-तोटा मला कळतो, म्हणूनच चीड येते. माझ्या तरुणपणी सरकारला रसायनांचे इंजिनिअर हवे होते. कारखाने बुडाले आणि ते इंजिनिअर टॅक्सी चालवू लागले. मग सगळ्यांना अर्थशास्त्र शिकवले, आता अर्थशास्त्रीही नकोत. दर वेळी यादी करणारे तितक्याच खात्रीने बोलतात, आणि चुकल्यावर त्यांच्यातला एकही टॅक्सी चालवताना दिसत नाही.

कुलगुरू तोनेव यांनी बाईंना बोलावले, तेव्हा मी कागद घेऊन तिथेच होतो.

"बाई, मागणी नाही म्हणून आम्हीच विभाग बंद करतो, असं दोन ओळींत लिहून द्या. खात्याला बरं दिसतं."

"म्हणजे गळा तुम्ही दाबायचा, आणि आत्महत्येची चिठ्ठी मी लिहायची?"

"भावनेच्या भरात बोलू नका."

"मग कशाच्या भरात बोलू? विभाग वाचणार नाही हे मला दिसतंय. पण तो आपणहून मेला असं माझ्या हातून लिहून मिळणार नाही."

शेवटी तोनेवांनी स्वतःच्या सहीने विभाग बंद केला.

दुसऱ्या दिवशी विद्यापीठाच्या मोठ्या दारावर काळ्या चौकटीचा कागद होता, घरात माणूस गेले की आम्ही दारावर लावतो तसा. वर फोटो, विभाग सुरू करणाऱ्या म्हाताऱ्या प्राध्यापकांचा. ते खरोखरच वारलेले. खाली छापले होते: "अत्यंत दुःखाने कळवतो की आमचा लाडका रुमानियन विभाग, वय एकेचाळीस, प्रकृती ठणठणीत असताना गेला."

मयताचा कागद आमच्याकडे कोणी फाडत नाही, फाडणाऱ्याच्या घरावर येते म्हणतात. उन्हापावसाने जाईल तेव्हा जातो.

"पेन्को, काढ ते," तोनेव पहारेकऱ्यावर ओरडले.

"साहेब, मयताचा कागद आहे."

"अरे, मेलंय कोण इथे?"

"फोटो आहे ना वर. मला नातवंडं आहेत, साहेब. तुम्हीच काढा."

तोनेवांनी हात वर नेला. नखाने कोपरा उचललाही. मग छातीवर क्रूस काढला आणि आत निघून गेले. झाडूवाली म्हणाली, "पगार कापा हवा तर, मी हात लावणार नाही."

प्रवेशाचे दिवस होते. आईबाप पोरांना घेऊन येत, वाचत, क्रूस काढत, काही फिदीफिदी हसत. त्यात खात्याचे पाहुणे यायचे ठरले. तेव्हा तोनेवांनी कागद काढला नाही. दारच काढले! ओकचे जुने दार चौकटीसकट गेले आणि आपोआप उघडणारे काचेचे आले. रुमानियनच्या चार विद्यार्थ्यांच्या फीसाठी पैसे नव्हते, दारासाठी निघाले. ते बिल माझ्याच टेबलावर आले. सही करताना पेनाचे टोक कागदातून आरपार गेले.

विभाग बंद झाल्याच्या चाळिसाव्या दिवशी बाई उकडलेला गहू घेऊन आल्या, वर साखर आणि अक्रोडाची पूड. आमच्याकडे मयताच्या चाळिसाव्याला वाटतात तसाच. त्या काचेच्या दारासमोर उभ्या राहिल्या, त्यामुळे दार सारखे उघडत, मिटत होते. येणाऱ्याजाणाऱ्याला कागदी पेला देत होत्या. घेणारा "देव त्याला क्षमा करो" म्हणतो, तसे सगळे म्हणत होते.

तोनेव आले. हा पेला कोणाला नाकारता येत नाही. त्यांनी घेतला, खाली बघत पुटपुटले, "देव त्याला क्षमा करो."

"त्याला कशाला, साहेब?" बाई म्हणाल्या. "त्यानं काय केलं होतं? स्वतःचं नाव घेऊन म्हणा."

तोनेव चमचा हातात धरून उभे राहिले. बाईंनी पुढचा पेला भरला आणि पेन्कोला दिला.