धोंडशीर आणि अडकित्ता

दर मंगळवारी कापलेली प्लास्टरची टरफलं आम्ही दवाखान्यामागच्या बाभळीखाली टाकत असू. वर्षभरात तिथे चांगला ढीग झाला. बाजाराला येणारी माणसं त्या ढिगाला वळसा घालून जायची. आत काय पुरलंय कोण जाणे! टरफलांचा पुढे भुगा झाला, पण त्यांच्यासोबत साठलेले किस्से काही झिजेनात. चार दोस्त जमले की तेच सांगायला लावतात, म्हणून आता लिहूनच टाकतो.

काळ निजामी राज्याच्या अखेरच्या दिवसांचा. मी हैदराबादेहून डॉक्टरकी शिकून नुकताच हिंगोलीला आलो होतो. ज्यांच्या दवाखान्यात होतो त्यांना सगळे ‘मोठे डॉक्टर’ म्हणत, म्हणजे मी आपोआप ‘धाकला’ झालो. तिसरे आमचे कंपाउंडर महबूबचाचा.

मोठे डॉक्टर लढाईच्या काळात लष्करी इस्पितळात हाडांचं काम शिकून आलेले. त्यामुळे जन्मतःच पावलं आत वळलेली लेकरं आमच्याकडे येत. उपचार तसा पायरीपायरीचा. तान्हं असेल तर पाऊल हातानं हळूहळू वळवायचं, प्लास्टर घालायचं, आठ दिवसांनी पुन्हा. एवढं करून टाच खाली आली नाही तर तिच्या मागची शीर कापायची. त्यानंही भागलं नाही तर पाऊल आतल्या बाजूनं उघडून आखडलेलं सारं सैल करायचं. आणि पोर थोराड झालं असेल तर हाडाची पाचरच काढायची. पाऊल सरळ होतं, पण ताठर राहतं. म्हणून जितक्या लवकर तितकं बरं.

मला वाटायचं, एवढी सरळ गोष्ट लोकांना सांगितली की झालं. एकविसावं वर्ष सरलं की माणसाला असं बरंच काही वाटतं.

* * *

सगुणाबाई पहिल्यांदा आली ती श्रावणात, सेनगावच्या पलीकडच्या खेड्यातून, बैलगाडीनं. मांडीवर पाच महिन्यांची नात, भागी. दोन्ही तळवे एकमेकांकडे वळलेले, जणू नमस्कार करताहेत. मागे सून कौसा, पदर कपाळाच्या खाली, तोंडातून शब्द नाही.

मी म्हटलं, पाय सरळ होतील. म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या खादीच्या टोपीकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

“पाय सरळ करायचं सोडा. वाकडे काहून झाले ते ठावं हाय का तुमाला?”

मी तोंड उघडणार, एवढ्यात तिनंच सांगितलं. सून पोटुशी असताना ग्रहण लागलं आणि ग्रहणात सुनेनं अडकित्त्यानं सुपारी कातरली. भागी जन्मली तेव्हापासून घरात सुनेनं अडकित्त्याला हात लावायचा नाही. तो म्हातारीच्या कमरेच्या पिशवीतच असतो. आणि चैत्रात मुलाचं, निवृत्तीचं, दुसरं लग्न करायचं ठरलंय.

मी उसळलोच. ग्रहण म्हणजे काय, सावली कशी पडते, सगळं सांगितलं. टेबलावरची दौत सूर्य केली, खलबत्ता पृथ्वी केला. म्हातारीनं शांतपणे ऐकून घेतलं.

“बराबर हाय,” ती म्हणाली. “पोरगी चैताआधी टाच टेकून हुबी ऱ्हायली तर लगीन ऱ्हायलं. न्हाई तर तुमची दौत तुमच्यापाशी.”

* * *

पुढच्या मंगळवारी म्हातारी आली, पण भागी नाही. काखेत चार दिवसांचं शेळीचं करडू. पुढचा एक पाय गुडघ्यात दुमडलेला, खुराच्या पाठीवर उभं राहायचं.

“आधी ह्याचा करून दावा.”

मी म्हणालो, हा माणसांचा दवाखाना आहे. मोठ्या डॉक्टरांनी मात्र निमूटपणे चष्मा चढवला, करडाचा पाय हळूच ताणला आणि त्याला प्लास्टर घातलं. महबूबचाचांनी करडाचे कान धरले. “चुप बैठ बेटा, नस्ल का सवाल है,” असं त्याला समजावत होते.

दोन आठवड्यांनी प्लास्टर कापलं. करडू चारही पायांवर उभं राहिलं आणि सरळ माझी औषधांची वही खायला धावलं. मी विजयी मुद्रेनं म्हातारीकडे पाहिलं.

ती करडाचा पाय चाचपून बघत होती. म्हणाली, “ह्याचा झाला. पन ह्याच्या मायनं कुठं ग्रहण मोडलं व्हतं?”

तरी ह्या खेपेला भागी बाहेर गाडीत होतीच, आणि त्याच दिवशी तिच्या पायाला पहिलं प्लास्टर चढलं.

* * *

प्लास्टरची पूड वाशिमहून यायची. मध्ये वऱ्हाडची सरहद्द आणि सरहद्दीवर करोडगिरीचा नाका, म्हणजे जकातीचा. त्या धामधुमीच्या वर्षी जो तो दुसऱ्याच्या पिशवीकडे संशयानं बघत होता. नाक्यावरच्या शिपायानं महबूबचाचांच्या डब्याचं झाकण उघडलं. आत पांढरी भुकटी.

बारूद आहे, असं त्याचं म्हणणं. चाचांनी सांगितलं, लेकरांच्या पायांची दवा आहे. शिपाई म्हणाला, दवा असेल तर खाऊन दाखव. चाचा म्हणाले, ही खायची नाही, बांधायची दवा आहे.

“मग बांधून दाखव.”

चाचांनी पट्टी भिजवली, शिपायाच्या उजव्या अंगठ्याला व्यवस्थित गुंडाळली आणि बोलत बसले. पाच मिनिटांत अंगठा दगड झाला. शिपाई घाबरला. तो अंगठा बघण्यात गुंतला आणि चाचा डबा उचलून टांग्यात बसले.

मंगळवारी तो शिपाई आमच्या रांगेत, दोन लेकुरवाळ्यांच्या मधे, अंगठा वर धरून बसला होता. आठवडाभर नाक्यावर एकाही पावतीवर सही झाली नव्हती. चाचांनी कात्री घेतली आणि अगदी अदबीनं विचारलं, “साहब, बारूद निकाल दूं?”

* * *

तिसऱ्या खेपेला भागी आली ती उघड्या पायांनी. अंगाला तेल, डोळ्यांत काजळ, आणि म्हातारीच्या फडक्यात दोन्ही पायांची प्लास्टरं, भिजवून सोडवलेली, वर उन्हात वाळवलेली.

“तुमचं तुमाला बराबर आनलंय,” म्हातारी म्हणाली.

आठ दिवसांचं काम पाण्यात. मी हातपाय आपटले. मग कारण कळलं. चाचा प्रत्येक प्लास्टरवर कॉपिंग पेन्सिलनं उर्दूत काहीतरी लिहीत. म्हातारीला वाटलं, मंत्र आहे. तिनं गावच्या पटवाऱ्याकडून वाचून घेतलं. पटवारी म्हणाला, ‘मंगळवारी येणे’ असं लिहिलंय. त्यावरून तिची खात्रीच पटली की पटवारीही ह्यांना सामील आहे.

मी मराठीत तारीख लिहायला पेन्सिल उचलली. चाचांनी मला थांबवलं आणि म्हातारीसमोर उकिडवे बसले.

“अम्मा, तुमीच सांगा. काय लिवू?”

म्हातारीनं बराच विचार केला. “नागनाथ लिवा. औंढ्याचा.”

चाचांनी लिहिलं. तिनं ते पुन्हा वाचून घेतलं. ह्या वेळी पटवाऱ्याकडून नाही, सेनगावच्या मशिदीत जाऊन मौलवीसाहेबांकडून. त्यानंतर एकदाही प्लास्टर सुटलं नाही. पुढे मागणी वाढली, आणि हिंगोलीच्या पंचक्रोशीत कितीतरी लेकरं पायांवर उर्दूतला नागनाथ घेऊन पाळण्यात झोपत.

* * *

ह्याच दिवसांत हट्टा गावचा एक शेतकरी आपल्या अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन आला. मुलगा पावलाच्या बाहेरच्या कडेवर चालायचा, तिथे टाचेसारखा घट्टा पडलेला. इथे पट्ट्याबिट्ट्यांचा उपयोग नव्हता, हाडाची पाचर काढायची होती.

बापानं सगळं ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला. काढलेलं हाड तुम्ही ठेवता कुठं? मी म्हणालो, टाकून देतो. तो हसला, जणू मी त्याला अगदीच पोरकट थाप मारली. त्याची अट एकच. हाड जितकं निघेल तितकं, कणही न ठेवता, त्याच्या हातात द्यायचं.

दिलं. फडक्यात बांधून, मोजून तीन तुकडे. पाऊल उत्तम सरळ झालं.

दोन महिन्यांनी तो परत आला. मुलगा तळव्यावर चालत होता, पण बापाचं तोंड उतरलेलं. फडकं पुन्हा माझ्यापुढे ठेवलं.

“डाक्टर, हे तुमीच ठिवा. गंगेत सोडावं तर पोरगं जितं हाय. घरात ठिवावं तर बायकू जेवून न्हाई राहिली.”

* * *

मार्गशीर्षापर्यंत भागीची पावलं बाहेर वळली, सरळ झाली, पण टाचा वरच राहिल्या. टाचेच्या मागची शीर आखूड होती. ती कापणं भाग होतं. समजवायचं काम मोठ्या डॉक्टरांनी माझ्यावर टाकलं नव्हतं, मी ओढून घेतलं.

आणि साध्या मराठीत सांगावं म्हणून म्हणालो, “धोंडशीर कापायची आहे.”

म्हातारी उठली, नातीला उचललं आणि दाराबाहेर. आमच्या भागात धोंडशीर कापतात ती वैऱ्याच्या बैलाची, रात्री गोठ्यात शिरून. बैल जन्माचा बसतो.

मोठे डॉक्टर मागोमाग ओट्यावर गेले. मोटेचा दाखला दिला. नाडा, म्हणजे मोटेचा दोर, आखूड असला तर मोट पाण्याला टेकत नाही, नाडा लांब करावा लागतो. ही शीर कापली की मधली जागा आपोआप भरते आणि ती लांब होऊन सांधते.

म्हातारी म्हणाली, “नाडा कापल्यावर मोट कुठं जाती, ते मला सांगून राहिले का तुमी?”

म्हातारी गाडीकडे गेली. कौसा मात्र लेकराची दुपटी गोळा करायला आत आली. चार महिन्यांत मी तिचा आवाज ऐकला नव्हता. घडी घालता घालता, माझ्याकडे न बघता, ती बोलली.

“ग्रहनात सुपारी आत्याबाईलाच पायजे व्हती. मी नको म्हनलं. तलफ आली, कातर म्हनल्या. मी कातरून दिली.”

आत्याबाई म्हणजे सासूच, सगुणाबाई. आत्ता जाऊन सर्वांदेखत विचारतो, म्हणून मी निघालो. तिनं वाट अडवली.

“तुमी बोलू नका. बोलून लय झालं. येत्या मंगळवारी मी पोरीला आनते. तुमी कापा.”

* * *

मंगळवारी कौसा खरंच आली, आणि तिच्या मागोमाग, तिला एकटी सोडायचं नाही म्हणून, म्हातारीही. अडवलं नाही, पण सुरी दाखवा म्हणाली.

मोठ्या डॉक्टरांनी दाखवली. बोटाच्या पेराएवढं पातं. म्हातारीनं कमरेच्या पिशवीतून अडकित्ता काढला, सुरीशेजारी धरला, दोन्हींकडे आलटूनपालटून पाहिलं. सुरी लहान निघाल्यानं तिचा संशय उलट वाढला. एवढ्याशा सुरीनं जे होतं, ते इतके दिवस कुणी का केलं नाही?

महबूबचाचांनी क्लोरोफॉर्मचे मोजके थेंब टाकले. कातडीला सुईच्या टोकाएवढं छिद्र, आत पात्याची एक हालचाल, आणि अडलेली टाच डॉक्टरांच्या तळहातात खाली आली. मग दुसरी. लगेच प्लास्टर. अर्धं पान खाऊन होईल एवढाही वेळ लागला नाही.

मी लेकरू बाहेर आणलं. म्हातारीनं पायांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आधी उजवा कान मुडपून मागे बघितलं. तिथे हिरवा ठिपका होता, ताजाच. आठवड्यातच तिनं गोंदणारीण बोलावून नातीला गोंदवून घेतलं होतं. काजळाची तीट पुसता येते ना!

ठिपका दिसल्यावर तिनं लेकरू घेतलं. “हाय आमचीच,” म्हणाली.

* * *

फाल्गुनात, होळीच्या आधीच्या मंगळवारी, भागीला आम्ही उभं करून बघायचं ठरवलं. ती खबर कुठून फुटली कोण जाणे, ओट्यावर बाजारची बरीच माणसं. अंगठ्याचा दगड झालेला नाक्यावरचा शिपाईसुद्धा. निवृत्ती पहिल्यांदाच आला होता. तो बैलांपाशीच उभा राहिला.

पट्ट्या काढल्या. कौसानं भागीचे दोन्ही हात धरले आणि तिला शहाबादी फरशीवर उभं केलं. पोरगी डगमगली, बसली. पुन्हा उभी केली. ह्या वेळी राहिली.

मी म्हणालो, बघा, टाचा टेकल्या. म्हातारी म्हणाली, तुमी सरका.

ती खाली बसली. पिशवीतून विड्याचं पान काढलं, दुमडलं आणि भागीच्या उजव्या टाचेखाली सरकवू लागली. पान गेलं नाही. तिनं पोरीचा पाय किंचित उचलला, पान खाली ठेवलं, पाय सोडला आणि पान ओढलं. पान फाटलं. अर्धं तिच्या हातात, अर्धं टाचेखाली.

मी बोलणार होतो, पण मोठ्या डॉक्टरांनी माझं मनगट धरलं.

“दुसरा,” म्हातारी म्हणाली.

दुसरं पान काढलं. डावी टाच. तेही फाटलं.

म्हातारीनं बैलांपाशी उभ्या असलेल्या मुलाकडे एकदा बघितलं. मग फाटलेली पानं गोळा केली, पदराला पुसली, त्यांना चुना लावला. पिशवीत हात घालून एक अख्खी सुपारी काढली, मग अडकित्ता काढला, आणि दोन्ही कौसापुढे धरलं.

“कातर.”