स्वयंपाकघरातून येणारा आवाज

गेल्या रविवारी संध्याकाळी सिंदीच्या आमच्या घरात मी चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेलो आणि तेव्हापासून मनाला जी रुखरुख लागलीय, ती काही केल्या जात नाहीये...

झालं असं की दिवाळीत मी होम थिएटर घेतलं. कधीपासूनची हौस होती! सेलूच्या ऑफिसातून घरी आलो की रोज व्हिडिओ बघायचे, वायरी ओढायच्या, स्पीकर इंचभर इकडे, इंचभर तिकडे... बायको वैशाली म्हणायची, "लग्नात तरी इतकी धावपळ केली होती का तुम्ही?"

डायलॉगसाठी टीव्हीखाली मधला स्पीकर लावला. पाऊस, संगीत असल्या आवाजांसाठीचे मागचे दोन सोफ्याच्या मागे, त्यातला एक नेमका स्वयंपाकघराच्या दाराजवळ. हॉलमध्ये आवाज घुमू नये म्हणून त्या दाराला जाडजूड पडदाही टाकला.

मग आलं सेटिंग. सोफ्यावर मधोमध एक छोटा माइक ठेवायचा, सिस्टिम एकेका स्पीकरमधून आवाज काढते आणि आपलं आपण जुळवून घेते. तेवढा वेळ घरात चिडीचूप पाहिजे. आणि नेमकी आईच्या कुकरची शिट्टी! सगळं पुन्हा पहिल्यापासून.

पुन्हा सुरू केलं, तर आतून आईचा प्रश्न... "झालं काय रे?" माझं डोकंच सटकलं. ओरडलो, "आई, बोलू नको ना वं तू! सगळं बिघडते." बस्स, एवढंच. मी तर ते विसरूनही गेलो.

सिस्टिम मात्र लाजवाब वाजायला लागली. मित्र आले की त्यांना सोफ्यावर मधोमध बसवायचो आणि विचारायचो, "मागून आवाज येतो की नाही, सांग?" छाती नुसती फुगून यायची माझी.

आता आईबद्दल सांगतो. आमची आई टीव्ही बघत नाही, ऐकते. संध्याकाळची मालिका आणि तिच्या पोळ्या यांची वेळ एकच. आम्ही हॉलमध्ये, ती ओट्याशी. मालिकेतल्या एकाचंही तोंड तिने धड पाहिलं नसेल, पण आवाजावरून सगळ्यांना ओळखायची.

आणि तिथूनच तिची कॉमेंट्री चालायची... "अवं पोरी, त्याच्यावर भरोसा नको ठेवू!" "घ्या, फसली! मी म्हणलंच होतं!" मालिकेतल्या सासूने काही कारस्थान केलं की इकडे लाटणं आपटायचं. आम्ही पोट धरधरून हसायचो.

तर रविवारी वैशाली माहेरी केळझरला गेली होती. हॉलमध्ये मालिका सुरू ठेवून मी चहा करायला आत गेलो. आई पोळ्या करत होती. आपली सिस्टिम इथून कशी वाजते बघू, म्हणून कौतुकाने कान दिला...

मस्त पाऊस पडत होता. कुठलंसं दार धाडकन आपटलं. मग व्हायोलिन. पण कोणी बोलतच नव्हतं! मधला स्पीकर गेला असं वाटून धावत हॉलमध्ये आलो, तर तिथे सगळे खणखणीत भांडत होते. पुन्हा पडद्याच्या आत गेलो... नुसता पाऊस.

मी विचारलं, "आई, तुले त्यायचं बोलणं ऐकू नाई येत?"

"नाई बा. तू ते लावलं तवापासून नाई येत. दारं वाजतात, पाऊस पडते, बँड वाजते... कोण कोणाले काय म्हणून राह्यलं, काई समजत नाई."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

तव्यावरची पोळी उलटत ती अगदी साधेपणाने म्हणाली, "तूच म्हणला होता ना, बोलू नको, बिघडते म्हणून. मी तर मिक्सरबी तुमची मालिका झाल्यावरच लावते."

"आई, ते फक्त सेटिंगपुरतं होतं ना वं!" मी म्हटलं. आणि ही माउली दिवाळीपासून रोज संध्याकाळी गप्प राहत होती, माझी मशीन बिघडू नये म्हणून.

त्याहून वाईट काय, तर आम्हाला ते कळलंही नाही. घरात एक माणूस बोलायचं थांबलं आणि मी मित्रांना मागचा आवाज ऐकवत बसलो होतो... लाज वाटली स्वतःची.

पडदा त्याच दिवशी काढून टाकला. सगळ्या स्पीकरमधून एकसारखा आवाज येईल असं एक सेटिंग असतं, ते लावलं. माझे मित्र म्हणतात, हा सराउंड साउंडचा सत्यानाश आहे. असू दे.

परवा संध्याकाळी मालिकेत सासूने आपलेच दागिने गुपचूप सुनेच्या बॅगेत टाकले. एरवी अशा वेळी आतून केवढा आरडाओरडा झाला असता! मी टीव्ही सोडून स्वयंपाकघराच्या दाराकडेच बघत बसलो. वैशालीही बघत होती. आत लाटण्याचा आवाज थांबला.

मग हळूच आईचा आवाज आला...

"बोलू काय रे?"

स्वतःच्या घरात, स्वतःच्या ओट्यापाशी उभी राहून आई मला परवानगी मागत होती. शेवटी वैशालीच म्हणाली, "बोला ना आई!"

बोलली ती. पण बिचकत, दबक्या आवाजात. पूर्वीसारखी दणक्यात कधी बोलायला लागेल, कोण जाणे... तोवर मी टीव्हीचा आवाज कमीच ठेवतोय.