तेलरंग फासलेलं दार

चॉकलेटी तेलरंग! तोही चकचकीत, आणि कोरलेल्या पाकळ्यांवर सोनेरी. घणसोली गावातल्या त्या दारासमोर खांद्यावरची कॅमेऱ्याची तिपाई आपटलीच मी.

"हे कुणी केलं?"

"मी," वैनी म्हणाली. "छान दिसतंय ना?"

छान! माझं डोकं असं तापलं की बीपीची गोळी सकाळीच घेतली होती ते बरं. वैनी म्हणजे माझी जुनी घरमालकीण. लग्नानंतर साताऱ्याकडून उठून आलेलं आमचं बिऱ्हाड तिच्या मागच्या खोलीत भाड्यानं होतं, तेव्हापासून ती माझी वैनी आणि मी तिची बाय. आता मी नातवंडांची आजी, सोसायटीत राहते, आणि म्हातारपणी खूळ लावून घेतलंय: जुन्या दारांचे, कड्यांचे, कोनाड्यांचे फोटो काढायचे. तेही ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर. घरचे म्हणतात, मोबाइल आहे ना? त्यांना मी उत्तर देत नाही.

वैनीचं घर पडणार होतं. जागी बिल्डिंग, वर तिला फ्लॅट, चौकट तोडकाम करणाऱ्या कंत्राटदाराला. तिनं फोन केला, "बाय, माझ्या दाराचा फोटू काढून दे. नव्या घरात लोखंडी जाळीचं दार लावतील. त्याच्याशी मी काय बोलू?"

खरं तर या दाराचे फोटो माझ्याकडे पडलेत. पण त्या प्रत्येकात बरोब्बर मध्ये उभी आहे एक बया. फुग्यांच्या बाह्या, दोन्ही कानांवर अबोली, हात चौकटीला असा टेकलेला की जणू हिनंच ती कोरली. वर गणेशपट्टीवर गणपती आणि दोन बाजूंना दोन हत्ती होते. गणपती हिच्या अंबाड्यामागे गडप, हत्तींच्या सोंडा हिच्या कानांतून उगवलेल्या. नवऱ्याला म्हणायची, "मी नीट आले ना?" आली हो, आली. तूच आलीस.

पुढे कॅमेरा हिच्या, म्हणजे माझ्याच, हातात आला तरी अक्कल काही आली नाही. अख्खं घर पकडायचं, वर आभाळ, खाली गटार, कडेला दुधवाल्याची सायकल. सगळं यायचं आणि काही म्हणता काही दिसायचं नाही. कितीतरी रोल असे पाण्यात घातल्यावर मग कुठं उजेड पडला. एका फोटोत एकच गोष्ट. आधी फ्रेमचे चारही कोपरे बघायचे, मग मधलं. कोपऱ्यात वायर घुसली असेल तर वायरीला शिव्या देऊन उपयोग नाही, आपण सरकायचं. आणि लाकडावर ऊन समोरून नको, कडेनं हवं. कोरीवकाम सावलीमुळे दिसतं.

आणि या बाईनं सावलीच बुजवून टाकली होती. पाकळ्यांच्या खाचा रंगानं भरलेल्या. वर ती चकाकी, समोरून बघावं तर स्टीलच्या ताटासारखी.

"वैनी, हा कुठला रंग गं? चॉकलेटी, सोनेरी... शोभतं का लाकडाला?"

"का गो? तुज्या फोटूत रंग येतो का?"

शेजारच्या बायका खिदळल्या. मी आणखी चिडले, कारण रंगावरून मी उगाच बोलले होते हे खरंच होतं.

"रंग येत नाही, चमक येते! पांढरे डाग पडतील सगळीकडं. खरवडून काढते मी हा."

"हात लावू नको," वैनी म्हणाली, आणि तिचा आवाज बदलला. "या दारातनं मी नवरी आले. सवाशीण बाई जाते तेव्हा तिला नटवूनच काढतात ना घराभायेर? मग याला काय तसंच धाडू, उघडंबोडकं?"

राग गेला नाही, पण तो वैनीवर ठेवता येईना. म्हणून तो मी वर बघून फ्लेक्सवर काढला.

हो, फ्लेक्स. गणेशपट्टीवर आडवा ठोकलेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. गावातल्या कुणा भाऊंचा वाढदिवस. भाऊ हात जोडून हसतायत, खाली शुभेच्छुकांची रांग, त्यात वैनीचा लेकही काळा गॉगल लावून.

"हा काढ आधी," मी लेकाला म्हटलं.

"मावशी, आज नाय जमनार. भाऊ स्वतः येनार हायत इकडून. उतरवला तर उगाच टेन्शन."

"अरे, खाली गणपती आहे."

"गनपती कुठं जातोय? उद्या सकाळी उतरवतो, उद्या काढा. प्रॉमिस."

आणि स्वतःची बुलेट दारात तशीच उभी ठेवून तो आत चहा प्यायला गेला. मग बुलेट मी आणि शेजारणीनं ढकलली. साइड मिरर थोडा वाकडा झाला असेल. असू दे.

समोरून फोटो शक्य नव्हता. मग मी चौकटीच्या अगदी कडेला गेले, उंबऱ्याशेजारी बसकण मारली. गुडघ्यांनी जाहीर निषेध केला. दोन घरांच्या फटीतून ऊन तिरपं आत आलं, आणि चमक सगळीकडून आवरून फक्त पाकळ्यांच्या कडांवर उरली, बारीक रेघेसारखी. तिपाई बुटकी केली. कोपरे तपासले: वरच्या कोपऱ्यात फ्लेक्सची दोरी. थोडी आणखी जवळ गेले, दोरी बाहेर. क्लिक.

"आख्खं दार काढ ना गो," वैनी मागून.

"अख्खं काढलं तर तुझ्या दारापेक्षा भाऊच मोठे दिसतील. तुकड्यातुकड्यानं काढते, मग जोडू."

"दार हाय का गोधडी?"

पण तिनं ऐकलं. झिजून मध्ये खोलगट झालेला उंबरा घेतला. कडी घेतली, आणि कडी आपटून आपटून लाकडाला पडलेला वाटोळा खळगा. उभ्या बाजूंवरच्या वेली घेतल्या, दोन्ही बाजूंच्या, ऊन फिरेपर्यंत थांबून. गणेशपट्टी तेवढी उद्यावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी पोचले तर चौकट टेम्पोत आणि टेम्पो सुटलेला. कंत्राटदाराची माणसं पहाटेच आली होती म्हणे. फ्लेक्स मात्र नीट घडी करून ओट्यावर ठेवलेला. मी टेम्पोमागं धावले, या वयात, गळ्यात कॅमेरा आपटत. टेम्पो हायवेला लागला. परत येऊन मी वैनीच्या लेकाला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्याच्या बायकोनं मोबाइलमध्ये रेकॉर्ड केलंय म्हणतात.

फोटो मोठे करून घेतले आणि वैनीच्या खारघरच्या तात्पुरत्या भाड्याच्या फ्लॅटवर गेले. वैनीनं ते जमिनीवर मांडले. उंबरा खाली, मग वेली, कडी, पाकळ्या. माझं एकेक प्रिंट ती उचलून जागेवर ठेवत होती, एकदाही न विचारता, न चुकता. खालून वर दार उभं राहत गेलं. वर पोचल्यावर तिचा हात थांबला.

"गनपती?"

मी तिच्या लेकाकडं बघितलं. तो सोफ्यावर मोबाइल चाळत होता.

"आई, टेन्शन घेऊ नको. नेटवरनं भारी गनपती डाउनलोड करून देतो. ब्लॅक अँड व्हाइट. कोनाला कळतंय?"

"मला कळतंय," वैनी म्हणाली.

तिनं फोटो भिंतीवर लावून घेतले, वरची जागा तशीच मोकळी ठेवून. लेकानं तिथं घड्याळ लावायला खिळा ठोकला, तो तिनं उपटून फेकला. येणारा-जाणारा विचारतो, दार झकास, पण वर असं रिकामं का?

"त्या सोफ्यावर बसलाय ना," वैनी सांगते, "त्याला विचारा. आनि नीट सगळं सांगितल्याबिगर उठू देऊ नका."