पुकारबाईंचं यंत्र

दुकानात सगळे त्यांना पुकारबाईच म्हणत. फर्निचरच्या त्या मोठ्या दुकानात खिडकीपाशी माइक घेऊन बसायचं आणि मालाच्या दारासमोर कुणी गाडी लावली की ठणकवायचं, "पांढऱ्या गाडीचे मालक, गाडी हलवा." आवाज असा, की बसने आलेली माणसंही खिसे चाचपायची.

पण मालकांच्या डोक्यात खूळ शिरलं. यंत्र पुकारेल, मग बाई कशाला? "यंत्र मी बनवते," बाई म्हणाल्या. "चाललं तर ते सांभाळायला मीच राहणार. नाही चाललं, तर माझी मी घरी जाते." हिला जमतंय कुठलं, असं मनाशी म्हणत मालकांनी होकार दिला.

बाईंची नणंद कॉलेजात पायथन ही कॉम्प्युटरची भाषा शिकवायची. तिच्याकडून धडे घेऊन बाईंनी प्रोग्राम लिहिला: गाडी आहे, आणि गाडी आहे तोवर पुकार. नणंदेला मात्र तो दाखवला नाही. तिची बोलणी कोण खाणार?

पहिल्याच दिवशी मालक ऐटीत आले आणि आपलीच गाडी मालाच्या दाराशी लावून आत शिरले. बाईंनी बटण दाबलं. बाईंच्याच आवाजात यंत्र गरजलं. मालक धावत जाऊन गाडी हलवून आले. यंत्र पुन्हा गरजलं. आणि पुन्हा. गिऱ्हाइकं मालकांकडे बघायला लागली.

"अहो, हलवली मी," मालक चक्क स्पीकरला म्हणाले. स्पीकर कसला ऐकतोय.

बाईंनी घाबरून नणंदेला फोन लावला.

"कंट्रोल आणि सी एकदम दाबा, वहिनी." यंत्र गप्प झालं. "आता सांगा, गाडी हलली हे त्याला कळणार कसं?"

"त्यात कळायचं काय? दिसतंय की…" म्हणता म्हणता बाई थांबल्या. इतकी वर्षं प्रत्येक पुकारानंतर त्या खिडकीतून डोकावत आल्या होत्या. हात माइकवर, डोळे बाहेर. इतकं अंगवळणी पडलेलं, की पुकारणं लिहिलं आणि डोकावणं राहूनच गेलं. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. नोकरी गेली, हे त्यांनी धरूनच टाकलं.

तरी मालकांकडून एक दिवस मागून घेतला. दुसऱ्या दिवशी यंत्र एकदा पुकारायचं, थांबायचं आणि पडद्यावर विचारायचं, "गाडी आहे का अजून?" 'नाही' म्हटलं की काम संपलं. आणि पाच वेळा ओरडूनही कुणी हललं नाही, तर आपणहून गप्प.

मालकांनी स्वतःची गाडी लावून पाहिली, हलवून पाहिली. खूश झाले. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"पण बाई, याला उत्तर द्यायला खिडकीपाशी कुणीतरी बसायला लागणार."

"लागणारच की," बाई म्हणाल्या, आणि खुर्ची जराशी पुढे ओढून बसल्या.