चौकटीवरचा रंग

अंबडमध्ये ज्यूंचं घर आमचं एकटंच. मुंबईचे रब्बी, म्हणजे आमचे धर्मगुरू, अशी एकेकटी घरं शोधत फिरतात. काळा कोट, काळी हॅट आणि छातीपर्यंत दाढी घेऊन ते एसटीतून उतरले, तेव्हा अख्खा स्टँड त्यांच्याकडे बघायला लागला. मी घाईनं त्यांची बॅग उचलली. "जल्दी चला," एवढंच मी म्हणालो.

खरी भीती घरी होती. आमच्यात दाराच्या चौकटीला मेझुझा ठोकतात. पितळेची लहानशी नळी, आत धर्मवचनं लिहिलेलं चर्मपत्र. जाता-येता तिला बोटं टेकवून ओठांना लावायची. लोक विचारतील म्हणून मी दोन वर्षांपूर्वी तिच्यावर चौकटीचाच तपकिरी रंग फासला होता. तेव्हापासून तिला हात लावायचीही मला हिंमत झाली नव्हती.

दारात येताच रब्बींचा हात सवयीनं बराबर तिथंच गेला. मी घाम पुसत माफी मागायला लागलो.

"इथला रंग कसा उडाला?" त्यांनी हिंदीत विचारलं.

नळीच्या मधोमध बोटाएवढं पितळ चमकत होतं. घरात आम्ही दोघंच राहतो. मी बायकोकडे पाहिलं.

"मी रोज हात लावून राह्यले," ती म्हणाली. "तुम्ही भ्याल म्हणून सांगितलं न्हाई."